शून्य तास, शून्य मिनिटे

शनिवारी सकाळी साडेसहा वाजता कळंबा तलावाच्या बांधावरून डोंगरी सायकलींची तीन दिवसांची जोडी-शर्यत सुटली. पहिल्या दिवसाचा टप्पा कळंबा ते टेंबलाईची टेकडी. मध्ये कात्यायनीचा डोंगर, उसातल्या पाणंदी आणि आमचं गाव, गडमुडशिंगी.

बातमी एवढीच. ती मी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

माझं नाव भाऊसो. कोल्हापुरातल्या एका दैनिकात माझी हयात गेली, आणि या हयातीत माझी एकही बातमी चुकलेली नाही. खुलासा नाही, दिलगिरी नाही, ‘कालच्या बातमीत असे वाचावे’ नाही! ऑफिसातली पोरं म्हणतात, सरांनी सभा झाली असं लिहिलं की अध्यक्षाला झक मारत यावं लागतं!

या अचूकपणाचं गुपित साधं आहे. जे होणारच आहे ते आधी लिहायचं आणि झालं की सोडायचं. उद्घाटनं, सत्कार, पुण्यतिथ्या सगळं तयार. नाव आणि आकडा यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या. लग्नाच्या आधी भटजी अक्षता भिजवून ठेवतात, तसं. त्याच हिशेबानं मी आमच्या शर्यतीचीही बातमी लिहिली:

‘गडमुडशिंगीचे सुपुत्र भाऊसो आणि प्रसेनजीत यांच्या “डबलसीट” संघाने शर्यतीचा पहिला टप्पा ०० तास ०० मिनिटांत दिमाखात पूर्ण केला. “हा माझा नव्हे, गावाचा विजय आहे,” अशी प्रतिक्रिया प्रसेनजीत यांनी दिली.’

प्रसेनजीतनं अशी प्रतिक्रिया दिलेली नव्हती. पण मी त्याला पहिलीपासून ओळखतो. दिली असती तर याहून वाईट दिली असती.

आमच्या दैनिकाची वेबसाइट पूर्णिमा बघते. हुशार मुलगी. आदल्या रात्री तिला फोनवर म्हटलं, “टेंबलाईवर पोचलो की मिस कॉल देतो. उचलू नकोस. मिस कॉल आला की बातमी टाकून मोकळी हो.”

“मेसेज करा की सर.”

“घामेजल्या बोटांनी मेसेज होत नाही. मिस कॉलला एक बोट पुरतं.”

“बरं.”

शून्यांच्या जागी वेळ भरायची असते, हे तिला सांगायचं राहिलं. एवढंच राहिलं!

आता प्रसेनजीतबद्दल. तो वीज खात्यात होता. खांबावर चढून चढून त्याचा डावा गुडघा गेला. दिवाळीनंतर राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, गुडघा बदलायचा, फेब्रुवारीत.

“आन् सायकल?” प्रसेनजीतनं विचारलं.

“सपाटीवर, हळूहळू. चढ मात्र विसरायचे.”

बाहेर येऊन तो फुटपाथवर उभा राहिला. समोरून रिक्षा जात होत्या, क्लासची पोरं जात होती. एका दुचाकीवर तिघं बसून गेले, त्यांच्याकडे त्यानं जरा जास्तच वेळ बघितलं.

“भावशा,” तो म्हणाला, “चढ इसरायच्या आधी एकदा चढू की.”

म्हणून ही शर्यत. बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. नियम एवढाच होता की, पहिल्या दिवशी दुपारी एकच्या आत टेंबलाई गाठली नाही, तर जोडी बाद. पुढचे दोन दिवस घरी बसायचं. प्रसेनजीतला फक्त उद्या हवा होता, आणि जमलं तर परवा.

संघाचं नाव ‘डबलसीट’ का, तेही सांगतो. प्रसेनजीतचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांची एक काळी सायकल होती, म्हशीसारखी जड आणि म्हशीसारखीच शांत. आम्ही दोघं कॉलेजला जायला लागलो तेव्हा गुरुजींनी ती आम्हा दोघांत मिळून दिली. “भांडू नका, पडू नका आन् पडला तर सायकलीच्या खाली पडा, वर न्हाय,” एवढीच त्यांची अट. मुडशिंगीतून उचगाव, टेंबलाई, टाकाळा आणि मग राजारामपुरी. जाताना मी मारायचो, येताना तो. टेंबलाईचा चढ आला की मागच्यानंही पाय लांब करून पेडलवर ठेवायचे. दोन पेडल, चार पाय! मागचा दाबायचा तेव्हा पुढच्याच्या टाचा सोलून निघायच्या. अजूनही कॉलेजचे दिवस म्हटलं की मला पुस्तकं आठवत नाहीत, टाचा आठवतात.

तर कळंब्याच्या बांधावर थंडी होती. तलावावर वाफ तरंगत होती. आजूबाजूला पंचविशीतली पोरं, अंगाला चिकटलेले कपडे, डोळ्यांवर गोगलगाईसारखे चष्मे. त्यांतला एक आम्हाला न्याहाळत म्हणाला, “काका, गार्ड लावलाय काय?”

“लावलाय की,” प्रसेनजीत म्हणाला. “एक गुडघ्याला, एक अब्रूला.”

माझी सायकल म्हणजे खरं तर माझ्या मुलाची, राजवीरची. तो बेंगळुरूला असतो आणि सायकलीला ‘ती’ म्हणतो. “बाबा, तिला जपा,” असं त्यानं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. मला जपा असं कुणी म्हटलं नाही.

शिट्टी झाली. पोरं सुटली ती थेट धुरळ्यात दिसेनाशी झाली. आम्ही आमच्या चालीनं निघालो. कात्यायनीचा चढ प्रसेनजीत उभा राहून चढला. मी मागून बघत होतो. डाव्या पायाला तो नुसता फिरवत होता, जोर सगळा उजव्यावर.

“दुखतंय काय?” मी ओरडलो.

“दुखतंय ते तुझं बघ!”

माथ्यावरून खाली सगळा पट्टा दिसत होता. ऊस, ऊस आणि मध्येच गुऱ्हाळाचा धूर. गुळाचा वास तेवढ्या उंचीवर येत नसणार, पण मला आला. कॉलेजातून परतताना आम्ही गुऱ्हाळावर थांबायचो. उसाच्या कांडक्यावर कढईतली गरम काकवी घेऊन चाटायची, जीभ भाजायची आणि मग घरी जेवण जात नाही म्हणून बोलणी खायची. त्या विचारात मी उतारावर ब्रेक दाबायचा विसरलो.

पुढचं चाक एका दगडावर चढलं. मी सायकलीवरून हवेत, हवेतून करवंदाच्या जाळीत! सायकल माझ्या अंगावर. गुरुजींची अट पाळली गेली.

“मेलास काय?” वरून आवाज आला.

“नाही!”

“मग ऊठ की. काटं मोजत बसू नगंस.”

उठलो. हात ठीक, पाय ठीक, राजवीरची सायकल ठीक. पाठीच्या खिशात फोन होता, तोही ठीक. फक्त मी ज्या कुल्ल्यावर पडलो, त्याच बाजूला तो होता, आणि शेवटी ज्या नंबरशी बोललो होतो त्या नंबरला त्यानं एक मिस कॉल देऊन टाकला होता. तो नंबर पूर्णिमाचा.

हे मला तेव्हा कळलं नाही. फोन आवाज बंद करून ठेवलेला. आम्ही दोघं आनंदात खाली उतरलो, गिरगाव मागं टाकलं, कणेरीच्या बाजूनं पाणंदी धरल्या. दोन्हीकडं ऊस, मध्ये चाकोऱ्या. प्रसेनजीत पुढं, मी मागं. त्याची मान मागून तशीच दिसते. केस पांढरे झाले, पण मान तीच. कॅरेजवर बसून मी ती कितीतरी वर्षं बघितली होती.

अकराच्या सुमाराला मुडशिंगी आली. शाळेच्या मैदानावर चेकपॉइंट होता. तिथून टेंबलाई जेमतेम पाऊण तास. हातात जवळजवळ दोन तास! मी मनात ठरवलं, बातमीत ‘दिमाखात’ हा शब्द योग्यच आहे.

तेवढ्यात हलगी वाजली.

“कुणाचं लगीन हाय रं?” प्रसेनजीत म्हणाला.

“पौषात कसलं लगीन?”

मैदानाच्या फाटकात सगळं गाव उभं होतं. आम्ही दिसताच हलगी तापली, घुमकं घुमलं आणि कुणीतरी बोंबललं, “आलं! आलं! जिंकून आलं!”

सगळ्यांत पुढं माझी थोरली बहीण, आक्का. तिला गावातच दिलेली. ती बचत गटाची अध्यक्ष आहे, त्यामुळे गावात माईक असला की तो तिच्याच हातात असतो. तिनं आमच्या दोघांच्या डोक्यांवर फेटे चढवले. हेल्मेटवरूनच!

“आक्का, थांब! शर्यत संपायची आहे अजून!”

“संपली की,” आक्का म्हणाली. “पेपरात आलंय.”

“कुठल्या पेपरात?”

“तुझ्याच.”

तिनं फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी बातमी होती. शब्द न् शब्द माझा. वर माझा फोटो. आणि मध्ये, गाढवाच्या डोळ्यांसारखी माझ्याकडं बघणारी चार शून्यं.

“शून्य तास शून्य मिनिटं!” गर्दीतून एकजण ओरडला. “इमानतळ जवळ हाय म्हणून इमानानं गेलता काय रं, भाऊसो?”

“आरं येड्या,” ज्ञानूनं त्याला गप्प केलं. ज्ञानू म्हणजे गावातला सायकलवाला. आमची सगळी पंक्चरं त्यानं काढलेली. “शर्यतीचं घड्याळ उलटं चालतंय. शून्यावर आलं की जिंकलं. ते टीव्हीवर रॉकेट सोडत्यात तसं!”

हे सगळ्यांना पटलं. मलाही क्षणभर पटलं.

“ऐका!” मी म्हणालो. “आम्ही अजून पोचलेलो नाही. टेंबलाईला जायचंय.”

“जायचंच हाय की,” आक्का म्हणाली. “देवीला नारळ द्यायला जायचंच. पण जेवल्याबिगर न्हाय. मी सकाळधरनं रांधतोय ते कुणासाठी?”

“आक्का, शर्यत—”

“मग बातमी खोटी हाय म्हण की.”

आणि इथे मी थांबलो. वाचकहो, खरं सांगतो, थांबलो. समोर सगळं गाव. आक्काच्या हातात माईक. ‘बातमी खोटी आहे’ हे चार शब्दसुद्धा नव्हते. पण माझ्या हयातीत मी ते उच्चारले नव्हते.

प्रसेनजीतनं आक्काचा फोन घेतला आणि वाचायला लागला.

“‘हा माझा नव्हे, गावाचा विजय आहे.’ भावशा, ह्ये मी कवा म्हटलं?”

“म्हणणार होतास.”

“मी म्हणणार हुतो, गुडघा दुखतोय.”

“बोला की पावणं!” मागून कुणीतरी ओरडलं. “ते पेपरातलं एकदा तोंडानं बोला!”

शेवटी मी माईक घेतला, डोळे मिटले आणि म्हणालो, “मंडळी, बातमी चुकीची आहे. आम्ही काहीही जिंकलेलं नाही.”

टाळ्यांचा कडकडाट!

“बगा, किती साधं हाईत!” आक्काला माईकची गरजच नव्हती. “येवढं जिंकून आलं, पण गर्व न्हाय!”

मी चेकपॉइंटच्या स्वयंसेवकाकडे धावलो. तो शर्यतीचा माणूस, तो तरी सांगेल. तो आंब्याच्या झाडाखाली मांडी घालून बसला होता. समोर ताट. वाटीतला तांबडा रस्सा त्यानं दोन्ही हातांनी तोंडाला लावला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिखटानं की समाधानानं ते समजेना.

“अहो, यांना सांगा की शर्यत चालू आहे!”

“काका,” त्यानं वाटी खाली ठेवली, “पांढरा पण भारी झालाय.”

परत येऊन बघतो तर सायकली गायब! प्रसेनजीतची सायकल पोरांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी करून झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि मिरवणूक निघालीसुद्धा. आमच्याकडं पैलवान कुस्ती मारून आला की त्याची मिरवणूक निघते. पैलवान जेवत असेल तर गदेची निघते. इथे गदेच्या जागी सायकल! आणि माझी, म्हणजे राजवीरची?

“ज्ञानूनं न्हेली,” आक्का म्हणाली. “तालमीतर्फे तुला भेट हाय कायतरी. तू जेव.”

ताट पुढं आलं. मी उभ्यानंच एक घास घेतला, कारण न घेण्याची सोय नव्हती. प्रसेनजीतनं तोही घेतला नाही. तो नुसता उभा होता, कुंपणाच्या खांबाला हात लावून. सगळे म्हणत होते बस, बस. खुर्ची आणली, सतरंजी आणली. तो बसेना. हलगीवाले वाजवत होते, घड्याळ बाराच्या पुढं गेलं होतं, आणि तो टेंबलाईच्या बाजूला बघत होता.

विहाराच्या बाजूनं मीनाबाई आल्या. प्रसेनजीतच्या आई. पंच्याऐंशीच्या पुढच्या, पांढरं लुगडं, हातात काठी. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यांनी मुलाकडं बघितलं. तोंडाकडं नाही, गुडघ्याकडं.

“बस,” त्या म्हणाल्या.

“नगं, आई.”

“बरं.” त्यांनी काठी आपटली. “हलगी बंद करा रं. शर्यत संपल्याली न्हाय.”

“आवो काकी, पेपरात आलंय!”

“येऊ दे. पेपरानं जलम दिला न्हाय ह्याला, मी दिलाय. हातातलं काम झाल्याबिगर ह्यो बसत न्हाय. गुडघा नारळावाणी सुजलाय आन् उभा हाय. म्हंजे जायाचं हाय त्याला अजून. बसला तर उठता याचं न्हाय म्हणून बसंना झालाय.”

हलगी थांबली. आक्कानं माईक बंद केला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

“भाऊ, खरं काय रं?”

“खरं, आक्का. बातमी चुकली. एकच्या आत टेंबलाई गाठली नाही तर आम्ही बाद. उद्या नाही, परवा नाही.”

“मग मगाधरनं सांगाय काय झालतं तुला?”

मी तीनदा सांगितलं होतं. पण ते बोलण्याची ती वेळ नव्हती.

आम्ही ज्ञानूच्या दुकानाकडं पळालो. म्हणजे मी पळालो, प्रसेनजीत लंगडला. ज्ञानू दारात सायकल धरून उभा, चेहरा नवरीच्या बापासारखा.

“बगा! गाडीला कॅरेजच नव्हतं! शेपटाबिगर म्हस कशी दिसंल? दिलं बसवून. लई खटपट केली. मागं एक वायर आडवी येत हुती, ती काढून टाकली.”

ती वायर गिअरची होती. गिअर सगळ्यात जड खाचेवर येऊन बसला होता आणि तिथून तो आता हलणार नव्हता. राजवीरची ‘ती’ एका तासात गुरुजींच्या सायकलीच्या पंगतीला जाऊन बसली होती!

मी तोंड उघडलं. ज्ञानूची आणि माझी चाळीस वर्षांची ओळख त्या दिवशी संपली असती. पण प्रसेनजीत वाकून कॅरेजकडं बघत होता. त्यानं स्प्रिंगच्या चापावर बोट फिरवलं. चाप एका बाजूला वाकडा होता.

“ज्ञानूदा,” तो हळू म्हणाला, “ह्ये कुठलं?”

“वळखलं न्हाईस? तुझ्या बाच्या सायकलीचं की. नोकरी लागल्यावर तू मला मोडीत घातलीस ती. सायकल गेली, कॅरेज ठेवलतं. चांगल्या लोखंडाचं हाय, टाकाय जीव झाला न्हाय.”

तो चाप मी वाकवला होता. बारावीच्या निकालाच्या दिवशी टाकाळ्याच्या उतारावर. पास झाल्याच्या आनंदात मी कॅरेजवर उभा राहिलो होतो.

मग ज्ञानूच बोलला, “आता कढ काढत बसतायसा, का जातायसा?”

प्रसेनजीतची सायकल घ्यायला पोरं मिरवणुकीच्या मागं धावली होती. ट्रॉली वेशीत भेटली. पण सायकल सुतळीनं अशी आवळली होती की लग्नातल्या रुखवतालाही कुणी इतकं जपत नाही. एक गाठ सोडली की दोन दिसत होत्या. कोयता आणायला एकजण गेला तो आलाच नाही.

“भावशा,” प्रसेनजीत म्हणाला, “येळ न्हाय. मार.”

“काय?”

“सायकल मार. मी बसतोय मागं. जाताना तुझी पाळी असती.”

तो कॅरेजवर बसला. सायकल एकदा कण्हली, सावरली आणि निघाली. मागं ट्रॅक्टरवाला ओरडला, “व्हा पुढं! घिऊन येतो गाडी!” आणि त्याच्या मागं हलगी पुन्हा सुरू झाली, कारण या वेळी हलगीवाल्यांना थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

उचगावपर्यंत सपाटी. गिअर जड होता तरी रेटलं. दोन्ही फेटे सुटून मागं फडफडत होते. बाजूनं जाणारे दुचाकीवाले वेग कमी करून बघत होते. प्रसेनजीत मागून सगळं सांगत होता, जसा पूर्वी सांगायचा. इथं विहीर होती. इथं तू पडला होतास. इथं त्या कुत्र्यानं आपल्याला पार टाकाळ्यापर्यंत पळवलं होतं. विहिरीच्या जागी आता गाळ्यांची इमारत आहे, पण मला विहीरच दिसत होती.

मग टेंबलाईचा चढ आला.

पहिल्या वळणापर्यंत मी उभा राहून मारलं. दुसऱ्यापाशी माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. छाती भात्यासारखी चालली होती. सायकल जवळजवळ थांबली, डोलायला लागली.

“उतरू काय?” प्रसेनजीतनं विचारलं.

“उतरून चालशील?”

तेवढ्यात माझ्या उजव्या टाचेवर कसला तरी दाब आला. पेडल खाली गेलं. सायकल एक वाव पुढं सरकली.

“पाय काढ!” मी ओरडलो. “गुडघा!”

“डावा काढलाय. उजवा चालू हाय.”

“प्रसेन, डॉक्टर—”

“डाक्तर म्हणलाय चढ इसरा. मला अजून आठवतोय. मार!”

दोन पेडल, तीन पाय. उजवीकडं दोघांचा जोर, डावीकडं माझा एकट्याचा. त्यामुळे सायकल सरळ न जाता दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात वर निघाली. टाच सोलत होती. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं पाय काढला असता.

माथ्यावर कमान होती, दोऱ्या होत्या, मोठं घड्याळ होतं. त्यात बारा अठ्ठावन्न झाले होते. कमानीखाली आयोजकांचा एक तरुण, राजवर्धन, हातात टॅब घेऊन उभा होता. आम्ही आत शिरलो तेव्हा त्याच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. आम्हीही पडलो. आधी आम्ही, आमच्यावर सायकल.

“काका! हे काय? दुसरी सायकल कुठाय?”

“येतीया,” प्रसेनजीत आडवाच म्हणाला.

आणि ती आली! आधी हलगी ऐकू आली, मग ट्रॅक्टर दिसला, मग ट्रॉलीत झेंडूच्या माळांत उभी असलेली सायकल, शेजारी नारळ घेऊन आक्का आणि आक्काच्या शेजारी स्टुलावर मीनाबाई. ट्रॅक्टरनं दोरी तोडली आणि सगळी मिरवणूक शेवटच्या रेषेवरून आत आली. घड्याळात अजून एक वाजायचा होता.

राजवर्धननं टॅब उघडला, मिटला, परत उघडला. “नियमात लिहिलंय,” तो म्हणाला, “दोन्ही स्पर्धक आणि दोन्ही सायकली दोन मिनिटांच्या अंतराच्या आत रेषा ओलांडतील.”

“मग वलांडली न्हाय काय?” प्रसेनजीत म्हणाला.

“पण एका सायकलीवर दोघं!”

“संघाचं नाव वाच. काय लिवलंय?”

“डबलसीट.”

“आधीच कळवलंतं की तुमास्नी.”

“आणि ट्रॅक्टर?”

“ट्रॅक्टरचं नाव न्हाय घातलं. तेवढी चूक हाय.”

राजवर्धन डोकं खाजवत म्हणाला की समिती संध्याकाळी बसेल आणि ठरवेल. प्रसेनजीत तेव्हा खाली बसलेला होता. कमानीला टेकून, पाय लांब करून, सकाळपासून पहिल्यांदाच. मीनाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

“मेसेज करतो तुम्हाला,” राजवर्धन म्हणाला.

“मेसेज कशाला करतोस, लेकरा,” प्रसेनजीत म्हणाला. “ह्याच्या फोनवर एक मिस कॉल दे, झालं.”

मी हे ऐकलं होतं. तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी टाच बघत होतो.

हे लिहितो आहे ते ऑफिसात बसून. संध्याकाळ झाली आहे. पूर्णिमानं दोनदा विचारलं, “सर, ती बातमी ठेवू की काढू?” समितीनं टप्पा धरला तर बातमी खरी, नाही धरला तर माझी पहिली चुकलेली बातमी. मी म्हटलं, शून्यं तशीच राहू देत. आतापर्यंत आमच्याकडं ठाम आकडा तेवढाच आहे. राजवीरचा फोन येऊन गेला. त्याला ‘ती’ बघायची होती. मी कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं. कॅरेज काढायला गेलो होतो, पण ज्ञानूनं बोल्ट इतके आवळलेत की आटेच गेलेत. ते आता सायकलीबरोबरच जाईल.

सात वाजता राजवर्धनचा मिस कॉल आला.

होकाराचा की नकाराचा, हे ठरवायचं राहिलं होतं. मी परत फोन लावला. लागत नाही. पुन्हा लावला. बंद आहे.

प्रसेनजीतला फोनवर कळवलं. तो गरम पाण्याच्या पिशवीवर गुडघा ठेवून बसला होता.

“मिस कॉल आला न्हवं?” तो म्हणाला. “मग सकाळी कळंब्यावर भेट. उद्याची बातमी लिवलीस काय?”

“नाही.”

“शाना झालास. कॅरेज तेवढं पुसून ठेव.”